दोघींचं तळं

मॅडमच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला चहा टाकायला सांगितला. दूध फ्रिजमध्ये आहे, म्हणाल्या. मी फ्रिज उघडला तर दुधाचं पातेलं कुठे दिसेना. होत्या त्या झाकणं घट्ट लावलेल्या पंचवीस-तीस बाटल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर आकडा. त्यातल्या एकीतलं पाणी जरा पांढरट वाटलं म्हणून मी ती उचलली, झाकणाला हात घातला, आणि मागून अशी किंकाळी आली की विहिरीत कुणी पडलं असावं असंच मला वाटलं.

"ठेव! ठेव खाली! मंडळी आहेत त्यात!"

मंडळी म्हणजे प्राणिप्लवक. तळ्याच्या पाण्यात तरंगत जगणारे, टाचणीच्या डोक्याएवढे किंवा त्याहूनही बारीक जीव. ही मंडळी लडाखहून आलेली होती, पंधरा हजार फुटांवरच्या तळ्यांतून. त्यांना पुण्याची हवा सोसणार नाही म्हणून मॅडमनी आपला फ्रिज त्यांच्या नावावर करून टाकला होता. भाजी ओट्याखालच्या टोपलीत. दूध लागेल तेवढंच खालून आणायच्या, आणि त्या दिवशी आणायला विसरल्या होत्या. आम्ही कोरा चहा प्यायलो.

"कोऱ्या चहाने कुणी मरत नाही," त्या म्हणाल्या. "ती बाटली तू आधणात ओतली असतीस तर तीनशे जण गेले असते."

मी तेव्हा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मॅडम आमच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, पण निवृत्त झाल्याचं त्यांना कुणी नीट समजावून सांगितलं नसावं. त्यांनी विभागाकडे मदतनीस मागितली होती: थंडी सोसणारी आणि कमी बोलणारी. विभागाने मला पाठवलं. मी लोणी काळभोरची, उसाच्या रानात वाढलेली. थंडीचा माझा अनुभव डिसेंबरात सकाळी वडिलांना रानात चहा नेऊन देण्याएवढा. बोलण्याबद्दल तर विचारूच नका.

मॅडम उंच, काटकुळ्या, सुती साडीखाली कायम पांढरे बूट घालणाऱ्या. लग्न केलं नव्हतं. गळ्यात काळ्या दोरीत ओवलेलं भिंग असायचं. पर्समध्ये रिकामी बाटली नाही असा एकही दिवस गेला नसेल. एकदा स्वारगेटच्या चौकात आमची रिक्षा अडकली होती. बाजूला कुठल्याशा बांधकामाचा सिमेंटचा हौद होता, हिरव्या पाण्याने भरलेला. मॅडम तशाच चालू रिक्षातून उतरल्या आणि त्या हौदात वाकल्या. तिथला वॉचमन घाईघाईने आला. "अहो मावशी, पिऊ नका ते पाणी!"

"पिणार नाही हो," मॅडम म्हणाल्या, "नुसतं भेटून जाते."

मागे गाड्यांच्या भोंग्यांचा नुसता गोंगाट चाललेला. रिक्षावाला माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यांना घरी कोणी नाही का?" मला तेव्हा हसू आलं होतं, आणि थोडी लाजही वाटली होती. पुढे मीच तशी वागायला लागले तेव्हा लाज कुठे गेली कोण जाणे!

कारण मंडळींची भानगडच तशी आहे. मॅडमनी मला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली डॅफ्निया दाखवली तो दिवस मी विसरणार नाही. मराठीत कुणी तिला पाणपिसू म्हणतं, पण मॅडमना ते नाव खपत नसे. "पिसू चावते. ही कुणाला चावली आहे?" मी डोळा लावला आणि ओरडलेच. काचेसारखं पारदर्शक अंग, आणि त्या अंगात हृदय धडधडतंय! आतडं हिरवं, नुकतंच काहीतरी खाल्लेलं. पाठीवरच्या पोकळीत चार अंडी, त्यातल्या एकाला तर डोळा फुटलेला! आईच्या पोटात आईच्या आरपार बाळ दिसतंय. मी मान वर करून मॅडमकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. डॅफ्निया बघताना माणसाचा चेहरा कसा होतो ते बघायची त्यांना फार हौस होती.

"पाहिल्याशिवाय बोलू नये," त्या म्हणायच्या, "आणि पाहिल्यावर गप्प बसू नये." विद्यार्थ्यांच्या तीन पिढ्यांनी हे वाक्य ऐकलेलं होतं.

त्यांचा आयुष्यभराचा ध्यास एकाच प्रश्नाचा होता, आणि तो अगदी साधा आहे. लडाखच्या त्या पठारावर लहान लहान तळी आहेत. वर्षातले सात-आठ महिने ती बर्फाखाली असतात. बर्फ वितळल्यापासून पुन्हा धरेपर्यंत जे चार महिने मिळतात त्यांत तिथल्या जिवांना जन्म, जेवण, पोरंबाळं, सगळं उरकायचं असतं. खायलाही बेताचंच. या तळ्यांत दोन जातींच्या डॅफ्निया सापडतात. एक मोठी, काळपट. तिथल्या कडक उन्हात अंग भाजू नये म्हणून निसर्गाने तिला जणू छत्रीच दिलेली. दुसरी लहान, काचेची, बिनछत्रीची. पण सापडतात त्या वेगवेगळ्या तळ्यांत. काळीच्या तळ्यात काचेची नाही, काचेचीच्या तळ्यात काळी नाही. एवढ्याशा थंड पाण्यात दोघींचं भागणार कसं, एक दुसरीला हुसकून लावणारच, असं सगळे म्हणायचे. मॅडम एकट्या म्हणायच्या, की कुठेतरी दोघी एका तळ्यात नांदत असणार. वरचं पाणी एकीचं, तळाचं दुसरीचं. किंवा दिवस हिचा आणि संध्याकाळ तिची.

"आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर दोन सख्खे भाऊ राहतात," त्या मला म्हणाल्या होत्या. "एका पार्किंगवरून बारा वर्षं बोलत नाहीत. माणसांना जे जमत नाही ते या एवढ्याशा बायका करत असतील, तर मला ते मरायच्या आत बघायचंय."

आणि बघायला फार वर्षं उरली नव्हती. उंचावर त्यांना धाप लागायला लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ही शेवटची वारी. म्हणून तर मी.

आता जाळी धुण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिथूनच झालं. प्लवकांची जाळी म्हणजे अगदी तलम कापडाचा शंकू, आणि शेपटाला एक लहान बाटली. ती पाण्यातून ओढली की मंडळी बाटलीत गोळा होतात. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे जाताना ती तीनदा धुवायची, हा सगळीकडचाच नियम. मॅडमचा नियम त्याच्या पुढचा होता. तिसऱ्या धुण्याचं पाणी टाकायचं नाही. एका बाटलीत भरायचं आणि पट्टीवर लिहायचं 'धुवण'. पुण्यात परतल्यावर त्या आधी धुवण तपासायच्या, मग तळं. धुवणात एक जरी जीव सापडला तरी पुढच्या तळ्याची बाटली बाद. "तांदळाच्या धुवणावरून तांदूळ कसा ते कळतं," त्या म्हणायच्या, "आणि जाळीच्या धुवणावरून विद्यार्थी."

लडाखात आम्ही दहा तळी केली आणि नऊ वेळा मी जाळी इमानाने धुतली. अकराव्याकडे जाताना जीप पंक्चर झाली. एरवी आम्ही भर दुपारी नमुने घ्यायचो. त्या दिवशी पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. वारा असा की कान आहेत की गेले ते कळेना. मॅडमना श्वास पुरत नव्हता, त्या जीपमध्ये बसून राहिल्या. मी एकटीच काठावर गेले. दहाव्या तळ्यानंतर जाळी धुवायची राहिली होती. माझी बोटं निळी पडलेली, धुवायला ओढ्यावर जायचं म्हणजे आणखी दोनशे पावलं. मी काय केलं, तर जाळी तशीच तळ्यात टाकली. आणि धुवणाच्या बाटलीत माझ्या बाटलीतलं प्यायचं पाणी ओतून, वर व्यवस्थित अक्षरात लिहिलं, धुवण.

दहावं तळं काचेचीचं होतं. अकरावं, गेल्या सगळ्या खेपांना बघितलेलं, काळीचं.

पुण्यात आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मॅडमनी अकराव्याचं धुवण तपासलं. "स्वच्छ! शाब्बास!" त्या म्हणाल्या. मी बाटल्या पुसत होते, पुसतच राहिले. मग त्यांनी अकराव्याचा थेंब घेतला. आणि खुर्ची पडल्याचा आवाज.

"दोघी! अगं दोघी! ये, ये, बघ! आधी तू बघ!"

मी बघितलं. काळी मोठी, आणि तिच्या शेजारी अगदी खेटून काचेची. एक नाही, चांगल्या नऊ-दहा. मॅडम पांढऱ्या बुटांनिशी स्वयंपाकघरात गोल गोल फिरत होत्या, हसत होत्या, डोळे पुसत होत्या, मध्येच माझे खांदे धरून हलवत होत्या. त्यांना इतकं खूश झालेलं कुणीच कधी बघितलं नसेल. तासाभरात त्यांनी पेढे आणवले आणि खालच्या दोन्ही भावांच्या दारांवर स्वतः जाऊन दिले. थोरल्याने विचारलं, "कुणाचं लग्न ठरलं?"

"लग्न नाही, नांदणं!" मॅडम म्हणाल्या. तो पेढा हातात घेऊन तसाच उभा.

जिना उतरताना मी स्वतःलाच विचारत होते. त्या नऊ-दहा जणी तळ्यातल्या होत्या की माझ्या जाळीला चिकटून आलेल्या? आठ दिवस मी गप्प राहिले. त्या आठ दिवसांत मॅडमनी पेपर लिहून काढला. रोज फोन करून एकेक परिच्छेद वाचून दाखवायच्या, आणि मी हूं हूं करायची. मला अन्न गोड लागेना. शेवटी आईने विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिला डॅफ्निया काय कळणार? पण धुणं कळत होतं.

"न्हाई धुतलं तर न्हाई म्हणायचं," ती म्हणाली. "डाग दुसऱ्याला दिसल्यावं सांगून काय उपेग हाय? जा, उद्याच जा."

दुसऱ्या दिवशी मी गेले आणि चप्पल काढतानाच बोलून टाकलं. आत जाऊन बसले असते तर जमलं नसतं. मॅडमनी चष्मा काढला.

"धुवणाच्या बाटलीत काय होतं?"

"प्यायचं पाणी."

"आणि त्याला मी शाब्बास म्हटलं."

मी रडायला लागले. त्या एकदम उठून उभ्या राहिल्या, आणि मला वाटलं आता हाकलणार. पण त्यांचं लक्ष भलतीकडेच लागलं होतं.

"अगं पोरी," त्या म्हणाल्या, "म्हणजे तू काचेच्या त्या तळ्यात सोडल्याही असतील! जाळीतून सगळ्या थोड्याच बाटलीत जातात? त्या काळ्यांचं काय होईल आता?"

पेपरचं नाव नाही! पंचवीस वर्षं जे शोधलं ते हातचं गेलं, आणि या बाईला काळजी तळ्याची. मला माझीच इतकी शरम आधी कधी वाटली नव्हती.

त्यानंतर कित्येक आठवडे त्यांनी माझा फोन घेतला नाही. मी धरून चालले होते की संपलं. एका सकाळी त्यांचाच आला. "पुढच्या उन्हाळ्यात अकराव्यावर जायचं आहे. मला डॉक्टर सोडत नाहीत. तू जा. एकटी."

"मॅडम, मी?" मला खरंच वाटेना. "दुसऱ्या कुणाला तरी..."

"दुसऱ्याने काही लपवलं तर तो सांगेल की नाही, मला माहीत नाही. तुझं माहीत आहे. स्वेटर दोन घे."

मी गेले. नवी कोरी जाळी नेली, तरीही तीनदा धुतली, आणि त्या नव्या जाळीचंही धुवण भरलं. भर दुपारी पाण्याच्या वरच्या थरातून जाळी ओढली: सगळ्या काळ्या. मी हिरमुसले, पण त्याबरोबर हायसंही वाटलं. निदान तळं बिघडलं नव्हतं. मग जाळीला दगड बांधला आणि तळाजवळून ओढली. बाटली भिंगाखाली धरली आणि मी अशी आरोळी ठोकली की ड्रायव्हर धावत आला, त्याला वाटलं मला उंची बाधली. काचेच्या होत्या! तळाशी, सावलीत, गर्दी करून, पाठीत अंडी घेऊन! उन्हं उतरल्यावर पुन्हा बघितलं तर त्या वर आलेल्या, काळ्यांमध्ये मिसळून चरत होत्या. दिवसभर वरचं पाणी छत्रीवालीचं, संध्याकाळी दोघींचं. मॅडम म्हणत होत्या तसंच! आजवर आम्ही दुपारीच यायचो, काठावरून वरचंच पाणी ओढायचो, म्हणून दिसल्या नव्हत्या. मी त्या थंडीत एकटीच नाचत होते.

फोन लागेल अशा गावापर्यंत जायला दोन तास लागले. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"म्हणजे आहेत," मॅडम म्हणाल्या. "पण कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे?"

"मागच्या वर्षी तू सोडलेल्यांच्या पणत्या नसतील कशावरून?"

खरंच होतं. माझ्या त्या एका संध्याकाळमुळे आता काही सिद्धच होणार नव्हतं. मी पुन्हा रडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "रडायला पुण्यात ये. तिथे चिखल काढ."

बर्फ धरायच्या आधी या डॅफ्निया वेगळी अंडी घालतात, खोगिरासारख्या कडक काळ्या पेटीत बंद केलेली. ती तळाशी बसतात. दर वर्षी त्यांच्यावर गाळाचा एक पातळसा पापुद्रा चढतो. आत अंडं जिवंत राहतं, वर्षानुवर्षं, कधी कधी माणसाच्या अर्ध्या आयुष्याइतकं. म्हणजे वीतभर खोलीवरच्या चिखलात जे अंडं असेल ते माझ्या जाळीच्या कितीतरी आधीचं. मी तळात नळी ठोकली, चिखलाचा दांडा बाहेर काढला, त्याची बाहेरची बाजू खरवडून टाकली म्हणजे वरचं काही खाली लागलेलं नको, आणि खालचा तुकडा कापून बर्फाच्या डब्यात घालून पुण्याला आणला.

मॅडमनी फ्रिजचं दिव्याचं बटण दाराने दाबलं जाणार नाही असं चिकटपट्टीने अडकवून टाकलं, आतला दिवा विझू नये म्हणून. अंड्यांना उजेड दिसला की उन्हाळा आला असं वाटतं. बशांमध्ये थंड पाणी, त्यात चिमूट चिमूट चिखल. मी रोज लोणीहून स्वारगेट, स्वारगेटहून मॅडमकडे. दार उघडायचं, बशा बघायच्या, दार लावायचं. एक दिवस, दोन दिवस, दहा दिवस. बाराव्या दिवशी एका बशीत काहीतरी उडी मारून गेलं.

"मॅडम!"

सात पिल्लं होती. सातही काचेची! मी मॅडमना मिठीच मारली. त्यांनी मला बाजूला केलं. "जन्मतः सगळ्याच काचेच्या असतात. काळीला काळं व्हायला दिवस लागतात. पाहिल्याशिवाय बोलू नये."

मॅडमना नक्की आधीच ओळखता येत होतं, शेपटीच्या काट्यावरून. पण बोलल्या नाहीत. सात जणींना सात बशा दिल्या, हिरवं पाणी पाजलं, दिव्याखाली वाढवलं. एकेक काळवंडायला लागली. पहिली, दुसरी, तिसरी. पाचवी काळी झाली त्या दिवशी मी जेवले नाही. दोघी उरल्या होत्या. थंडीत सगळं सावकाश चालतं; त्या वाढत होत्या, पण अजून पोरसवदा, आणि उद्या काळ्या होणार नाहीत असं कोण सांगणार? मी बसमध्ये देवाला नवस बोलायचे आणि तो ऐकून मॅडम काय म्हणतील या विचाराने परत घ्यायचे.

एका दुपारी मॅडमनी मला हाक मारली. सूक्ष्मदर्शकासमोरून उठल्या, मला बसवलं. मी डोळा लावला. सहावी, लहानखुरी, लख्ख काचेची, आणि तिच्या पाठीत दोन अंडी. म्हणजे वयात आलेली. आता ती काळी होणार नव्हती, कधीच. आणि ती ज्या चिखलातून आली तो चिखल माझ्या त्या संध्याकाळच्या कितीतरी आधी तिथे बसलेला होता. दोघी त्या तळ्यात पूर्वीपासून नांदत होत्या. हृदय तिचं धडधडत होतं की माझं ते कळत नव्हतं.

"तुझ्यामुळे काही बिघडलं नाही," मॅडम माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. "पण त्यात तुझं काही कर्तृत्व नाही."

मी हसले, रडले, दोन्ही एकदमच. त्यांचेही डोळे भरले होते. ते लपवायला त्या कॉम्प्युटरशी जाऊन बसल्या आणि जुना पेपर उघडला. कामाची पद्धत लिहिली होती त्या भागात त्यांनी दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत एक ओळ घातली: अकराव्या तळ्याचा पहिला नमुना घेताना जाळी धुतलेली नव्हती आणि धुवणाचा नमुना खोटा होता.

"मॅडम, हे छापून येणार?"

"मग? खरं आहे ना?"

मग त्या वर सरकल्या, नावांपाशी. आपलं नाव खोडून खाली टाकलं आणि पहिलं नाव माझं लिहिलं. पंचवीस वर्षं त्यांची, तळं त्यांचं, प्रश्न त्यांचा. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, असं करू नका, हे सगळं तुमचं आहे.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पहिलं नाव तुझंच," त्या म्हणाल्या. "चूक कुणाची, हे लोकांना शोधत बसावं लागू नये."